बाईंचा उतरलेला पंचम

बाई, तुम्ही गेल्यानंतर तुमच्या गिटारचं काय झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगतो. तिला वाळवी लागली. तुमच्या धाकट्या बहिणीनं, आमच्या अक्कानं, ती तुमच्याच निळ्या पातळात गुंडाळून माळ्यावर जपून ठेवली होती, आणि ते जपणंच तिला नडलं. मागच्या उन्हाळ्यात पातळ सोडलं तेव्हा गिटारची पाठ बोटांखाली भुशासारखी खचली. अक्का रडली नाही. तिनं भुसा सुपात भरला, तारा तेवढ्या बाजूला काढल्या आणि मला म्हणाली, "आता तू वाजवून दाखव. ताई वाजवायची तशी. डाक्टर म्हणतो, एक कान गेला, दुसरा चाललाय. तो हाय तवर मला ताईची गिटार एकदा ऐकायचीय." मी म्हणालो, अक्का, गिटारच राहिली नाही तर वाजवू काय? तर म्हणते, "ते तुझं तू बघ. तिच्यापुढं मांडी घालून कोण बसायचं? मी तर चुलीपुढं असायची."

बसायचो, बाई. अजून बसतो, डोळे मिटले की. पाचोडची ती शाळा आणि शाळेच्या मागची तुमची खोली. गावात तुम्हाला कुणी खोली दिली नव्हती, आणि का दिली नाही ते आम्हा पोरांना कुणी सांगितलं नाही. आम्हाला वाटायचं, बाईंना शाळा फारच आवडते, म्हणून त्या शाळेतच राहतात. आत अक्का भाकरी थापतेय, तव्याचा वास येतोय, आणि तुम्ही दारात बसून गिटार पोळपाटासारखी मांडीवर आडवी घेतली आहे. डाव्या हातात पोलादी कांडी. ती तारेवरून सरकते आणि सूर एका जागेवरून उठून दुसऱ्या जागेवर जाताना मधला सगळा रस्ता दाखवत जातो. हवाईयन गिटार हे नाव मला फार उशिरा कळलं. आमच्यासाठी ती कवितेची गिटार होती. पुस्तकातली प्रत्येक कविता तुम्ही आधी वाचायचात, मग वर्गातल्या पेटीवर आमच्याकडून म्हणून घ्यायचात, आणि ती पाठ झाली की बक्षीस म्हणून गिटारवर वाजवायचात. मी एकदा भरभर वाचली तर म्हणालात, "कविता वाचतोस का टपाल वाटतोस? शब्दाच्या दारात जरा उभा राहा की." त्या वाक्यानंतर मी आयुष्यात काहीच भरभर केलं नाही. वाळूजच्या कारखान्यात माझा फोरमन त्यावरून माझ्या नावानं शंख करायचा.

आणि कवितेगणिक तुमची जुळवणी बदलायची. सुगीच्या कवितेला एक. सासरी निघालेल्या मुलीच्या कवितेला गंधाराची तार उतरवून दुसरी. रानातल्या, मेंढपाळाच्या कवितेला पंचम चढवून धैवतावर नेलेली तिसरी. दोन कवितांच्या मधे तुम्ही खुंटी पिळायचात, कान तारेपाशी नेऊन. बाहेर बाजाराचा गलका चालू असायचा, कुणी कांदे ओरडून विकतंय, कुणाची शेळी सुटलीय, आणि आम्ही सगळे श्वास धरून त्या एका तारेकडे पाहत असायचो. पुढची कविता दुःखाची आहे की आनंदाची, हे आम्हाला तार कुठल्या बाजूला चाललीय त्यावरूनच कळायचं.

माझ्या नातीनं मोबाइलवर मला पेडल स्टील दाखवलं. तुमच्याच गिटारची ही थोरली बहीण म्हणा. चार पायांवर उभी, वर आडव्या तारा, खाली पायांनी दाबायची पेडलं. पेडल दाबलं की ठरलेली तार आपोआप चढते, सोडलं की जागेवर येते. बाई, मी ते पाहिलं आणि मला तुमची खुंटी आठवली. वाटलं, तुमच्या तिन्ही जुळवण्या एका वाद्यात बसतील. विकत घ्यायची माझी ऐपत नव्हती. पण वाळूजला माझ्याबरोबर एके काळी काम केलेला एक जण आता स्वतःची छोटी शेड चालवतो. त्याच्याकडे जुन्या स्कूटरचे क्लच, वायरी, स्प्रिंगा पडलेल्या असतात. मी कागदावर चित्र काढून दिलं. वाद्य उभं राहिलं तेव्हा त्यानं चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाला, "चच्चा, ये बाजा है की सिलाई मशीन? एक पजामा बी सी देव इसपे." मी म्हणालो, आधी वाजू दे, मग तुझा पायजमा. "हौ, पर नाडा तुम डालना," म्हणाला आणि पेडलाला तेल घातलं.

एक अडचण होती. क्लचच्या वायरीवरचं आमचं पेडल तार ओढून चढवतं, उतरवत नाही. त्यामुळे मला उलटा विचार करावा लागला. तुमची मूळ जुळवणी सुगीची होती. तिथून तुम्ही गंधार खाली उतरवायचात. मी मूळ जुळवणी सासरच्या कवितेची ठेवली. एक पेडल दाबलं की गंधार चढून सुगी येते, त्याच्या जोडीला दुसरंही दाबलं की पंचम चढून रान येतं. म्हणजे सुगी काय किंवा रान काय, पाय दाबून धरलाय तोवरच. पाय उचलला की मुलगी सासरी निघालीच. हे मी कुणाला बोललो नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही हसणार नाही.

मोबाइलवर सूर तपासायची सोय असते. तार बरोबर जुळली की हिरवा दिवा लागतो. सगळ्या तारांना हिरवा दिवा लावून, वाद्य रिक्षात आडवं घालून मी अक्काकडे नेलं. तिनं चांगला कान पुढे केला, कानातलं मशीन बोटानं नीट बसवलं. मी सासरच्या मुलीची कविता वाजवली. तुम्ही शाळा सोडताना मला दिलेली तीच पोलादी कांडी माझ्या हातात होती. तिच्या एका टोकाला तुमच्या बोटांनी पडलेली चकाकी अजून आहे. वाजवून झालं. अक्का म्हणाली, "नीट वाजवतोस रे. लई नीट वाजवतोस." मला बरं वाटायच्या आतच पुढे म्हणाली, "पण ही ताईची नाय."

मग मी काय काय नाही बदललं. जाड तारा लावल्या. आवाज लहान केला, मोठा केला. वाद्याला जोडलेल्या स्पीकरवर टॉवेल टाकून पाहिला. दर खेपेला रिक्षावाला विचारायचा, "आजोबा, आज तरी पास का?" आणि दर खेपेला अक्का मान हलवायची, "नाय." मधेच ती, "काय म्हणालास?" असं दोनदा विचारू लागली होती. पूर्वी एकदा विचारायची. मला धास्ती बसली की जुळवणी सापडेल आणि ऐकायला कान उरणार नाही.

शेवटी मी वैतागून म्हणालो, अक्का, तूच म्हणून दाखव, कसं होतं ते. "या वयात?" म्हणाली, पण पदर सावरून बसली आणि म्हणू लागली. मुलगी गाडीतून मागे वळून गावाकडे पाहते त्या ओळीवर मीही तिच्यात मिसळलो. ती ओळ पंचमावर थांबते. आम्ही दोघं तिथं थांबलो, बाई, आणि दोघंही खाली. पंचमाच्या जरासे खाली, पण दोघं नेमके एकाच जागी, एका पायरीवर दोघांनी पाऊल टेकवावं तसे. मोबाइलचा दिवा लाल झाला. म्हातारा चुकला म्हणावं तर म्हातारीही तिथंच चुकली होती.

तेव्हा मला ती शाळा तपासणी आठवली. गाण्यातलं कळणारे एक साहेब आले होते. तुम्ही गिटार वाजवलीत आणि ते हळूच म्हणाले, "बाई, तुमचा पंचम उतरलाय." तुम्ही म्हणालात, "पेटीचा उतरलाय, साहेब. पोरांचे गळे पेटीवर बसलेत. मी एकटीच वर जाऊन काय करू?" साहेब पेटी दुरुस्तीचं बघतो म्हणाले आणि गेले. पेटी तशीच राहिली. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नव्हतं. पेटी जुनी झाली एवढंच कळलं. आता कळतं की तुमचा कान त्या साहेबांच्या तोडीचा होता. रोज सकाळी तुम्ही जाणूनबुजून चांगली तार खाली आणायचात आणि आमच्याजवळ येऊन बसायचात. ज्यांच्या गावात तुम्हाला खोली मिळाली नाही त्यांच्या पोरांजवळ.

मी मोबाइल खिशात घातला. अक्काला पुन्हा ती ओळ म्हणायला लावली आणि तिच्या गळ्याला लावून पंचमाची तार उतरवली. ते करताना खुंटी फार हळू पिळावी लागली.

मग वाजवलं. दुपार होती, बाहेर भंगारवाला ओरडत गेला. आधी पाय दाबून सुगीची कविता, मग रानाची. अक्का खाटेवर बसून माझ्या पायांकडे बघत होती; "ताई पाय नव्हती हलवत," म्हणाली. मग मी दोन्ही पाय उचलून जमिनीवर टेकवले आणि मुलीची कविता घेतली. मागे वळून पाहण्याच्या ओळीवर कांडी थांबली, पंचम आपल्या खालच्या जागेवर बसला, आणि अक्काच्या तोंडून एवढंच आलं, "हां." डोळे मिटलेले. माझी ओळ संपायच्या आत तिनं मान आतल्या खोलीकडे वळवली आणि ठणठणीत आवाजात हाक मारली, "ताये, च्या ठेवू का गं? हा आलाय बघ."

मी तारांवर तळहात ठेवला. आत पंखा फिरत होता. थोड्या वेळानं अक्कानं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "दूध बी नाय घरात." मी म्हणालो, काळा चालेल. ती उठली. जाता जाता वाद्याच्या कडेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तीच हाय. आता परत नको वाजवूस." मी वाजवलं नाही. कोरा चहा प्यायलो, बशीत ओतून, आणि रिक्षा बोलावली.

बाई, हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही. अक्कालाही वाचून दाखवणार नाही. तिला आता मोठ्यानं बोलावं लागतं आणि हे मोठ्यानं बोलायचं नाही. पण एक गोष्ट तुमच्यापाशी कबूल करून ठेवतो. अक्कानं हाक मारली तेव्हा तिची चूक झाली हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तारांवर हात ठेवून आवाज बंद केला तो तुमचं उत्तर ऐकू यावं म्हणून.