नुसत्या डोळ्यांना एक

२४ फेब्रुवारी १९४१, भोर
आभाळ स्वच्छ. दिवेलागणीला दुर्बीण अंगणात मांडली. नळी उचलताना कंबर कुरकुरली. भाटघरच्या धरणावरचा इंजिनियर विलायतेस जाताना ही बापूला नि मला देऊन गेला, तेव्हा हीच नळी खांद्यावर टाकून मी पूल ओलांडला होता. बापू मागून ओरडत होता, "अरे मास्तर, तोफ नव्हे ती!"

पुनर्वसूचे दोन तारे डोक्यावर. त्यांतला उत्तरेकडचा कॅस्टर. नुसत्या डोळ्यांना एक, दुर्बिणीत दोन, अंगाला अंग लावून बसलेले. बापूने नि मी मिळून पाहिले होते. आज डोळा लावला तर भिजलेला कापूस. उजवा डोळा गेलाच आहे, डाव्यात मोतीबिंदू पिकत चाललाय.

तर मग फोटोच्या काचेच्या प्लेटीवर घ्यायचे. दोन वेगळे ठिपके. एकदा. काचेला मोतीबिंदू होत नाही.

२७ फेब्रु.
सुशीलेचं पत्र, कोल्हापूरहून. मेमध्ये जावई न्यायला येणार. डोळ्याचं ऑपरेशन तिकडेच. "आणि मग बाबा, भोरात एकटे कशाला?" मुलगी मायेने लिहिते. दुर्बिणीचं काय, ते काही लिहिलेलं नाही. तिच्या घराला अंगण नाही.

मे उजाडेल तेव्हा कॅस्टरही पश्चिमेला कलून डोंगराकडे निघालेला असेल. पुण्याहून प्लेटांची एकच पेटी आली. दुकानदाराने सांगून पाठवलं, लढाई आहे, पुढची कधी ते विचारू नका.

४ मार्च
पद्धत बसवली. तारा सरकतो, त्याच्यामागे दुर्बीण वळवणारी चक्री हाताने फिरवत राहायची. पूर्वी डोळा शोधकनळीला लावून तारा तिच्यातल्या बारीक फुलीवर धरत असे. आता फुली दिसत नाही. म्हणून वृत्तावर. शार्दूलविक्रीडिताचा एक चरण संथ म्हणायचा, हात त्याच लयीत. चरण सुरू, झाकण उघडलं. चरण संपला, झाकण बंद. चौथीच्या पोरांना वृत्त शिकवायला मीच रचलेली ओळ:

झाडे शांत उभी, नदीत पडली छाया दिसे सावळी

किती वर्षांनी मोठ्याने म्हटली. अंगणात वर्ग भरल्यासारखं झालं. बाकांवरची पोरं, खिडकीतून नीरेकडचा वारा, पाटीवर थुंकी लावून पुसणारा एक तरी...

पाणी भरायला येणारी काशीबाई कुडापाशी घागर घेऊन उभी.
"गुर्जी, चांदण्यास्नी शाळा शिकीवताय व्हय?"
म्हटलं, "हो. एक विद्यार्थी नीट बसत नाही."
"मंग छडी घ्या की. आमच्या पोराला घ्येत व्हता तशी."
तिचा पोरगा आता चाळिशीचा असेल. मला त्याचं नावही आठवेना.

९ मार्च
आधीच्या सगळ्या प्लेटा फुकट. एकीवर सुरवंटासारखा ओघळ, एकीवर काहीच नाही. पण कालची!

माजघरात तांबडा कागद लावलेल्या कंदिलापाशी धुतली. सकाळी उन्हात धरून भिंगाने पाहिली. दोन. एक थोरला, एक धाकटा, मध्ये बारीकशी उघडी जागा. थोरला-धाकटा हेही बरोबर, खऱ्यातही तसेच आहेत. डाव्या डोळ्यातून पाणी येईतो पाहत बसलो.

सांगायला घरात कोणी नाही. देवघरासमोर धरली. हसूही आलं. सुशीलेची आई असती तर म्हणाली असती, "बरं झालं, आता जेवून घ्या."

१६ मार्च, वेल्हे
परवा धुळवड झाली. काल नसरापूरपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. प्लेट पंच्यात गुंडाळून मांडीवर. सर्कलची नोकरी सोडल्यापासून बापू इथेच. दम वाढलाय, जिभेला मात्र काही झालेलं नाही.

ओसरीवर बसून भिंगाने बराच वेळ पाहिली.
"गोंद्या, जोडी आडवी का रे?"
"आडवी म्हणजे?"
"आपण पाहिली तेव्हा तिरकी होती. ही अगदी तारा सरकतो त्या रेघेत आहे." मग, "चक्री कशी फिरवतोस? दाखव."

पानाच्या डब्याचं झाकण हातात दिलं. मी ओळ म्हणत फिरवून दाखवलं.
"थांबलास."
"छे."
"पुन्हा म्हण."
पुन्हा म्हटली. 'पडली'पाशी त्याने माझ्या मनगटावर बोट ठेवलं. मनगट उभं होतं.

बाराव्या अक्षरावर यती. तिथे क्षणभर विसावा घ्यायचा. आयुष्यभर पोरांना तेच सांगत आलो, यती गिळू नका रे. हात ऐकत होता. तो थांबला, तारा पुढे गेला, हात पुन्हा चालू लागला. बारा अक्षरांचा थोरला ठिपका, सात अक्षरांचा धाकटा.

बापू हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "तारे आहेतच रे दोन. तुझी प्लेट खोटी, तारे खोटे नाहीत."
मी म्हटलं, "तू सर्कल इन्स्पेक्टर तो सर्कल इन्स्पेक्टरच. दुसऱ्याच्या शेतात बांध कोरलेला तेवढा दिसतो."
आतून वहिनी, "भाऊजी, भाकरी निवतेय, भांडण नंतर करा."
जेवलो. निघताना त्याने गाडीपर्यंत यायचा हट्ट केला, अर्ध्या वाटेत दम लागला, बांधावर बसला. मी हात केला. त्याने केला की नाही, दिसलं नाही.

२० मार्च
बापूला खोटं पाडायचं म्हणून शेजारचा तारा घेतला, पोलक्स. तो दुर्बिणीतही एकटाच. तीच ओळ, तोच हात.

प्लेटीवर दोन. थोरला, धाकटा.

२९ मार्च
यती नसलेलं काही म्हणून पाहिलं. ओवी, हात टोकाला रेंगाळतो. पाढे, तर दाहे आलं की मान डोलते नि मनगट तिच्याबरोबर. जे जे पाठ आहे ते चालीत आहे. दोन प्लेटा गेल्या. आता एकच उरली.

१० एप्रिल
चांदणं. काम बंद. आज कोणाशी बोलणं झालं नाही. काशीबाई लेकीकडे भोंगवलीला गेली आहे. डावा डोळा आणखी धूसर. पंचांगातली बारीक अक्षरं गेली.

बापूला पत्र लिहायला घेतलं. 'तुझं खरं होतं' एवढं लिहून पुढे काय लिहावं सुचेना. फाडलं.

२१ एप्रिल
शेवटची प्लेट काल घेतली.

काही म्हटलं नाही. आठ दिवस रिकामी चक्री फिरवून हाताला मुकं चालायला शिकवलं. उठल्यावर, जेवणाआधी, पडल्यापडल्यासुद्धा. काल संध्याकाळी तोंड मिटून अंगणात उभा राहिलो. कॅस्टर पश्चिमेला कललेला. झाकण उघडलं. ना झाडं, ना नदी, ना पोरं. चक्री तेवढी बोटाखाली फिरत होती. इतक्या वर्षांत त्या अंगणात असा एकटा कधी नव्हतो. किती वेळ गेला कळायला काही साधन नव्हतं. पुरे वाटलं तेव्हा बंद केलं.

२२ एप्रिल
प्लेट धुतली. उन्हात धरली, भिंग लावलं. मधोमध काहीतरी काळं आहे. एवढंच. एक, दोन, डोळ्यातलंच एखादं पडळ, सांगता येत नाही.

काशीबाई परत आली आहे. तिला हाक मारली. भिंग हातात दिलं, कुठे पाहायचं ते दाखवलं.
"किती ठिपके दिसतात?"
तिने प्लेट उन्हाकडे केली, एक डोळा मिटला. मग प्लेटीकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं.
"तुमास्नी किती पायजेत, गुर्जी?"

प्लेट परत घेतली. तिला म्हटलं, "राहू दे." ती म्हणाली, "पुन्यांदा बघती की, नीट." मी नको म्हटलं. तिने दोन म्हटले असते.

२५ एप्रिल
आज वेल्ह्याला परतणारा गाडीवान भेटला. प्लेट कापसात घालून, फळकुटांमध्ये बांधून बापूकडे दिली. सोबत चिठ्ठी नाही. दोहोंतला कोणता तारा तेही कळवलं नाही. बापूसाठी गाडीवानाजवळ एवढाच निरोप दिला, की किती दिसतात तेवढे सांग, माझ्याकडे बघू नकोस.

गाडीवान म्हणाला, "तुमच्याकडं कसं बघत्याल ते? तुमी तर हितं."

जावई मेची वाट न पाहता परवाच येणार. ट्रंक भरून झाली. वेल्ह्याची गाडी एरवी चार दिवसांनी येते.