तोडणीचा दिवस सूनबाईच्या नावे

मी, या द्राक्षमळ्याची आणि वाइनच्या तळघराची मालकीण, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर सगळे नको म्हणत असताना हे मृत्युपत्र लिहीत आहे. गुडघे गेले, डोके व जीभ शाबूत आहेत. डोके डॉक्टरांनी तपासले आहे, जिभेबद्दल घरच्यांना विचारावे.

१. राहते घर, बँकेतील ठेवी व बाटल्या भरण्याचे यंत्र मुलाला द्यावे. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. आपल्या वाइनसाठी गिऱ्हाइके वर्षभर थांबतात, त्यात त्याचाही वाटा आहे.

२. लाकडी पिंपांपैकी जे कायम गळते, ते थोरल्या नणंदबाईंना. मी लग्न होऊन आले तेव्हा "हिला काय कळतंय द्राक्षांतलं?" असे त्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या. मी ते विसरलेले नाही, एवढे त्यांना कळावे.

३. आजेसासऱ्यांनी लावलेल्या जुन्या वेलींबाबत. त्यांना मोजकेच घड येतात, पण आपले नाव त्यांच्यावरच आहे. प्रत्येक वेल आपल्या मर्जीने पिकते, आणि तोडणीचा दिवस चुकला की वर्षाची वाइन पाणचट. तो दिवस घरातल्या पुरुषाने अंगणात जाहीर करायचा, ही इथली रीत. बाळा, गोडी मोजायचे यंत्र घेऊन तू आठवडाभर वेलींमधून फिरतोस, आणि सूनबाई तोडणीच्या टोपल्या धुवायला काढते त्याच संध्याकाळी तुझे यंत्र नेमके बरोबर दाखवू लागते. सगळ्या मळ्याला हे ठाऊक आहे. तुझ्या वडिलांचे यंत्रही असेच होते. तेव्हा टोपल्या मी धूत असे.

आता तू म्हणतोस, वेली म्हाताऱ्या झाल्या, उपटून टाकू. सबब या वेली आणि तोडणीचा दिवस ठरवण्याचा हक्क मी सूनबाईला देत आहे. तिच्या संमतीशिवाय एकही वेल उपटू नये. रीत मोडली असे नणंदबाई म्हणतील. म्हणू द्यावे.

४. सूनबाई, मी यंदाच्या तोडणीपर्यंत असेन असे डॉक्टरांना वाटत नाही. काल तू आणलेली द्राक्षे मी चाखली, तेव्हा तू दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मला दिवस कळला आहे. तो इथे लिहीत नाही, कारण तो तुलाही कळला आहे. मला तुझा फार अभिमान वाटतो, तोंडावर कधी म्हटले नाही. अंगणात जा आणि तो दिवस मोठ्याने सांग.

सही: (डळमळीत आहे, पण माझीच)
साक्षीदार: डॉक्टर, पिंपे दुरुस्त करणारा सुतार
स्थळ: तळघरावरची खोली
तारीख: आजची. जुन्या वेलींची तोडणी अजून व्हायची आहे.