सुतान मराजो जेवायला बसतील का?

प्रिय तामरिन,

सलाम. पाकिटावर तुझा लग्नातला किताब पूर्ण लिहिला आहे, कारण पाकीट पोस्टमन वाचतो; आत मात्र तू तामरिनच. गुडघा काय म्हणतो? मेदानच्या डॉक्टरांनी तुझं गोड बंद केल्याचं कळलं, आणि तू ते चालू ठेवल्याचंही कळलं (तुझ्या सुनेकडून, तिला बोलू नकोस). मी ठीक आहे. दात चार उरलेत, पण ते समोरासमोर नसल्यामुळे त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. रोस्माची तब्येत उत्तम, चालते-फिरतेही. फक्त एक घोटाळा झाला आहे, आणि तो तुझ्यावाचून सुटणारा नाही, कारण मला शाळेतल्या नावानं हाक मारणारा माणूस आता जगात तू एकटाच उरला आहेस. तो सांगायला जरा धीर गोळा करतो, तोवर जुन्या गोष्टी वाच.

दारविस गुरुजींचा वर्ग आठवतो ना? तळ्याकडची ती खिडकी, आणि गणिताच्या तासाला बाकाखाली तोंड घालून पंतून गुणगुणणारा मी. गुरुजींनी एकदा फळ्याकडे तोंड असतानाच विचारलं, "वर्गात भुंगा कोणी सोडला रे?" त्या दिवसापासून मी भुंगा झालो. (आठवड्याभरात आईनंसुद्धा माझं खरं नाव सोडून दिलं.) पंतूनचं मर्म गुरुजी फार सुरेख सांगत: चार ओळींतल्या पहिल्या दोन म्हणजे नुसता काठ, पाणी असतं ते शेवटच्या दोन ओळींत. मग शाळातपासणीचे साहेब आले आणि गुरुजींनी मोठ्या विश्वासानं मला उभं केलं. मी म्हणालो,

तळ्याकाठी बांबू झुकला,
बदक निघालं पलीकडं,

आणि तिथंच पाणी आटलं. साहेब थांबले, गुरुजी थांबले, मला तर खिडकीबाहेरचं खरं बदकही थांबल्यासारखं वाटलं. तेव्हा मुलींच्या रांगेतून रोस्मा आपल्या पाटीला सांगावं तसं म्हणाली, "बुडालं वाटतं." वर्गाबरोबर साहेबही हसले. उरलेल्या दोन ओळी मला घरी जाताना आठवल्या, पण तेव्हा शेजारी तूच होतास, आणि त्या तुला म्हणून दाखवण्याजोग्या नव्हत्या.

पुढं दहा वर्षांनी मामांनी ठरवलं आणि मी आपल्या रीतीप्रमाणे घोडागाडीत बसून त्याच रोस्माच्या घरी नांदायला गेलो. (वाटेत तू मला रडू नकोस म्हणालास. मी रडत नव्हतो, फेट्याची जर डोळ्यात जात होती.) लग्नात चारचौघांसमोर मला सासरी हाक मारायचा 'सुतान मराजो' हा किताब दिला, पण माझं सगळं लक्ष रोस्माच्या सोनेरी मुकुटाकडं, एवढं ओझं तिच्या मानेला पेलतंय का हे पाहण्याच्या नादात किताब कानाआड गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पडद्याआडून म्हणाल्या, "सुतान मराजो जेवायला बसतील का?" मला वाटलं, कोणी वडीलधारे आले. मी उठलो, चटई झटकली, त्यांना जागा करून दिली आणि कोपऱ्यात अदबीनं उभा राहिलो. कोणी येईना. मटणाचं रेंदांग गार झालं, ताटं उचलली गेली. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. घरात कुजबुज सुरू झाली की जावयाला मटण पसंत नाही. तिसऱ्या दिवशी कोंबडी कापली. "सुतान मराजो आज तरी बसतील का?" मी पुन्हा जागा करून दिली, आणि मनात म्हणालो, हा सुतान एकदा भेटला पाहिजे, याच्यापायी माझा जीव चाललाय. शेवटी बाजारात तुला गाठलं, कसाव्याचे तळलेले काप बकाबका खात सगळं सांगितलं, आणि तू खांबाला धरून हसत म्हणालास, "अरे भुंग्या, तो सुतान तूच की!"

घरी येऊन रोस्माला खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं, लाजताय. शाळेतही तुम्ही अर्ध्यावरच थांबला होतात."

त्यानंतर भुंगा हे नाव तिनं तोंडातून काढलं नाही. जावयाला पोरपणीच्या नावानं हाक मारणं म्हणजे घराण्याची बेअब्रू. फक्त एकदा, मी मासे धरताना तळ्यात पडलो तेव्हा, ती "भुंग्या" म्हणून ओरडली. सासूबाईंनी आधी तिला फैलावर घेतलं, मग मला बाहेर काढायला माणूस पाठवला.

असो. सुनेला आशीर्वाद, नातवंडांच्या पाठीवरून हात फिरव.

तुझा,
सुतान मराजो

ता.क. वरचा सगळा नुसता काठ होता. यंदाच्या ईदपासून रोस्मा मला ओळखत नाही. म्हणजे सुतान मराजो नावाचे कोणी पाहुणे घरात उतरलेत हे तिला कळतं, आणि पाहुण्यांची सरबराई ती अशी करते की बावन्न वर्षांच्या संसारात रेंदांगचा एवढा मऊ तुकडा माझ्या पानात पडला नव्हता. पण स्वतः जेवत नाही, दाराकडं बघत बसते. भुंगा यायचा आहे म्हणते. मी म्हटलं, अगं, मीच तो. म्हणाली, मग ती कविता म्हणा. मी म्हटली, या वेळी पूर्ण:

तळ्याकाठी बांबू झुकला,
बदक निघालं पलीकडं,
शब्द ओठी येऊन थकला,
डोळे माझे तुझ्याकडं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "छान म्हणता," म्हणाली, "पण तुम्ही तो नव्हे. त्याला पुढच्या दोन ओळी येत नाहीत."

तेव्हा तू ये. मेदानहून बस लांबची आहे, गुडघा दुखेल, हे मला कळतं. तरी ये. अंगणात उभा राहून शाळेत मारायचास तशी मोठ्यानं हाक मार. मी तिच्यादेखत ओ देईन. तुझ्या आवाजावर तिचा विश्वास बसेल, माझ्या पाठांतरावर आता बसणार नाही.

आणखी एक. हे पाकीट पुन्हा उघडून लिहितोय; चिकटवत होतो तेव्हा रोस्मानं विचारलं, "कोणाला लिहिताय, सुतान?" मी म्हटलं, तामरिनला. म्हणाली, "मग त्याला लिहा, येताना भुंग्याला घेऊन ये म्हणावं."

तेवढं जमव.