बटणाखाली पाच छर्रे

ता. २ मार्च

चि. बारक्या यास,
ताईचे आशीर्वाद. मी बरी, लाँड्री बरी, हे पण बरे. आता कामाचं.

बाबांची छऱ्याची बंदूक मी तुझ्या कपाटातून उचलून आणली म्हणून तू तुझ्या बायकोजवळ मला दरोडेखोर म्हणालास, ते माझ्या कानावर आलं. दरोडेखोर तर दरोडेखोर. बंदूक तुझी कधी झाली? बाबांचा नियम काय होता? दहा मीटरवरून पाच छर्रे मारायचे, मग शर्टाचं एक बटण तोडून भोकांवर ठेवायचं. पाचही झाकली गेली तर बंदूक मारणाऱ्याची. तू दर सुट्टीत बटण तोडलंस आणि दर सुट्टीत हरलास. मला कधी कुणी मार म्हटलंच नाही. मला काय, तर तुझं बटण परत शिवायला बसवायचे!

आता मी मारणार. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ये. जमलं तर बंदूक माझी. नाही जमलं तर घेऊन जा, मी परत तोंड उघडणार नाही. (हे वाचून आमचे हे हसले. बंदुकीबद्दल उघडणार नाही, असं म्हणायचंय मला.)

आमची मागची इस्त्रीची खोली लांबीला पुरते, दोरीने मोजली. पलीकडच्या भिंतीला लोखंडी पत्रा, पुढे जुन्या चादरी ठासलेलं खोकं, त्यावर कागद. मारताना दाराला आतून कडी. पण छर्रे कुठले घेऊ? दुकानदार विचारतो, चपट्या तोंडाचे की गोल डोक्याचे की टोकदार, हलके की जड. मी म्हटलं, बाबा रे, छर्रे हवेत, सोयरीक नाही जमवायची. तू घड्याळजी, बारीक वस्तूंत डोकं घालायची तुला हौस. लवकर सांग.

माया ठेव. ती नसेल जमत तर निदान उत्तर तरी पाठव.
तुझी ताई

ता. ७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. मी दरोडेखोर म्हणालो नव्हतो, भुरटी चोर म्हणालो होतो. दरोडेखोर उजळ माथ्याने येतात, तू बंदूक गोधडीत गुंडाळून नेलीस.

दुकानदार खरं बोलला. सोयरीकच जमवायची आहे. एका बंदुकीच्या नळीला जे छर्रे मानवतात ते दुसरीला मानवत नाहीत, आणि ते मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक जातीचा एकेक डबा आण. वाळूच्या पिशवीवर बंदूक टेकवून प्रत्येकाचे पाच-पाच मार. मधोमध लागले की नाही ते बघू नकोस, एकमेकांना किती चिकटून लागले ते बघ. मधोमध आणायचं काम नंतर नेमाच्या स्क्रूने होतं. छऱ्याचा मागचा घेर चेपला असेल तर तो टाकून दे. आणि नळी स्वच्छ ठेव.

सोबत माझ्या आवडीचे टोकदार पाठवतोय, भारीतले. शत्रूला दारूगोळा पुरवणारा मीच पहिला असेन.

भावजींना नमस्कार. बंदूक माझी होईपर्यंत तरी लोभ असू दे.
बारक्या

ता. १४ मार्च

चि. बारक्या,
आशीर्वाद मागून देईन, आधी शिव्या घे.

तुझे टोकदार छर्रे कागदावर असे पांगले, जशी कुत्रं बघून मेंढरं. गोल डोक्याचे तसेच. जड तसेच. चपटे जरा बरे, पण त्यांच्यावर बटण काय, बशी ठेवावी लागेल. आणि हे मी निवडून निवडून मारलेत हं. बायकांच्या परकरासारखा घेर असतो मेल्यांना, एकेकाचा बोटावर फिरवून बघितला. नळी तर तू म्हणालास त्याहून स्वच्छ. दर पाच छऱ्यांनी साबणाची चिंधी दोरीने ओढते, मग कोरडी, मग तेलाची, मग परत कोरडी. साहेबाची कॉलर घासत नाही इतकी घासते. आत बघितलं तर आरसा!

म्हणजे दोष बंदुकीचा. खरं सांग, तू नळी वाकवून तर ठेवली नव्हतीस? आमचे हे म्हणाले, दोष कदाचित मारणाऱ्याचा असेल. आता ते हॉटेलच्या सगळ्या चादरींना एकटे इस्त्री करतायत.

राग गेला की माया करीन.
ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र वाचून मी दुकानात इतका हसलो की गिऱ्हाइकाच्या घड्याळाचा काटा हातातून उडाला, अजून सापडला नाही. नळी सरळ आहे. सरळ नाहीस ती तू.

इकडे बंदूक टांगायला भिंतीवर दोन खिळे ठोकून ठेवलेत. येताना गोधडी मी आणू, का तू देशील?

पराभव झाला तरी भाऊ म्हणून ओळख ठेव.
बारक्या

ता. २४ मार्च

चि. बारक्या यास,
अनेक, अनेक, अनेक आशीर्वाद! खिळे उपटून ठेव.

काय झालं, परवा हॉटेलच्या चादरी डोक्यावर आल्या. इस्त्री एकीकडे, बंदूक एकीकडे. म्हटलं जाऊ दे खड्ड्यात, नळी आज पुसायची नाही. उरलेले चपटे मारत सुटले. पहिले काही इकडे तिकडे. मग जवळ जवळ. मग एकाच भोकात, एकावर एक! मी असं ओरडले की हे गरम इस्त्री तशीच ठेवून धावत आले. हॉटेलच्या एका चादरीला आता इस्त्रीचा ठसा आहे, पण ते मरू दे.

अरे, घासलेली नळी म्हणजे घासलेला तवा! पहिलं सगळं चिकटणार, बिघडणार. शिशाचा जरा लेप बसला की मग सुरळीत. आणि मी येडी दर पाच छऱ्यांनी तवा घासत होते! जन्मभर लोकांचा मळ काढला, आणि इथे मळानेच पांग फेडले.

मग सगळे डबे परत मारून बघितले. डबा बदलला की आधी थोडे फुकट घालवायचे, म्हणजे नळी जुन्याला विसरते, नव्याची ओळख करून घेते. मग मोजणीचे पाच. चपटेच जिंकले, सगळ्यांत साध्या डब्यातले. तुझे भारीतले टोकदार अजून मेंढरंच आहेत.

रविवारी शर्ट घालून ये. माझ्या ब्लाउजला हुक आहेत, बटण तुझंच तुटणार.

माया तयार आहे, बंदूक पण.
ताई

ता. ३१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. बसमध्ये समोरच्या बाईंनी मला दोनदा सांगितलं की शर्ट उघडा आहे. मी म्हणालो, माहीत आहे. घरी आल्यावर बायकोने माझे रिकामे हात बघितले आणि जाऊन खिळ्यांवर माझा टॉवेल लावून आली.

ताई, तू पाचवा मारलास तेव्हा मी मनात देवाला म्हटलं, चुकव. मग खिशातलं भिंग काढून बटणाच्या कडेकडेने बघितलं, कागद उजेडाकडे धरला. कुठूनही भोकाची कड दिसेना. आणि का कोण जाणे, मलाच इतका आनंद झाला की मी भावजींना मिठी मारली. ते दचकले.

तरी माझ्या शर्टाचं बटण जरा मोठं होतं, असं माझं म्हणणं आहे. पुढच्या वेळी कॉलरचं घेऊ, आणि मारणार मी. शर्ट सोबत पाठवतोय, बटण तेवढं लावून दे.

हरलेल्यावर जास्त लोभ असावा.
बारक्या

ता. ४ एप्रिल

चि. बारक्या यास,
आशीर्वाद. शर्ट धुऊन, इस्त्री करून परत पाठवलाय. ठसा नाही, मी स्वतः केली.

तुझं बटण मिळणार नाही. ते मी बंदुकीच्या पट्ट्याला शिवलं. खिशात दुसरं ठेवलंय, जरा लहानच, म्हणजे पुढच्या वेळी रडगाणं नको. सोबत सुई आणि दोरा आहे.

या वेळी तू शिव.

माया आहेच.
ताई