न झोडलेलं दुखणं

सोमवार, १० नोव्हेंबर

पोचले एकदाची. मेढ्याच्या वर डोंगरात हे केंद्र हाय, नाव सुखनिद्रा. नाव ऐकून मी प्रियाला म्हटलं, झोपवायलाच आणायचं होतं तर सांगलीत काय अंथरुणं संपली होती का. ती हसली न्हाई. गाडी चालवताना ती हसत न्हाई, शिस्तीची पोरगी हाय.

प्रिया म्हणजे प्रियदर्शनी, माझी नात. सांगलीत लोकांचे मोडलेले हातपाय हलवून घ्यायचं काम करते. तिची आई लवकर गेली, तवापास्नं ती माझीच. पुढल्या महिन्यात तिचं लग्न हाय. माझ्या गुडघ्यांनी मात्र कधीचाच संप केलाय, आन् मिश्रीनं दात असे काळे झालेत की फोटोवाला म्हणेल आज्जी तोंड मिटा. म्हणून हा घाट. इथले सर संमोहन करून दुखणं घालवतात, सवयी सोडवतात. लग्नात मी उभी राहून अक्षता टाकणार, आन् दात दाखवून हसणार.

अक्षर मला येत न्हाई. प्रियानं फोनात काहीतरी करून दिलंय, मी बोलते आन् त्यो लिवतो, तारीख पण त्योच घालतो. रोज बोल म्हणाली, लग्नानंतर वाचीन. तिच्या तोंडाचं चित्र दाबलं की तिला फोन लागतो, तेवढं शिकलेय.

खोलीत सोबतीला हरणाबाई हाय. इथल्याच डोंगरातली, कंबर धरून आलेली, जीभ मात्र धरलेली न्हाई. पाणी गाळायला मी फडकं काढलं तर म्हणाली, अक्का, आमच्या झऱ्याचं पाणी देव पितो. मी म्हटलं, देवाला पोटाचं काय होत न्हाई, मला होतं. जमलं आमचं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज पहिली बैठक झाली. शंभूराज सर म्हणजे सडपातळ गडी, आवाज असा की तुपात बुडवून काढलेला. भिंतीवरल्या खिळ्याकडं बघा म्हणाले, श्वास मोजू नका, नुसता सोडा. पापण्या जड झाल्या म्हणाले तवा मनात म्हटलं, याचं मन राखावं म्हणून मिटते. मिटल्या. मग उघडंनात.

गुडघ्यातलं दुखणं कसं दिसतं म्हणून विचारलं. मी सांगितलं, धुमसणारं ओलं लाकूड. ते लाकूड मांडीतनं वर आणा, पोटातनं खांद्याला न्या, खांद्यावरनं उजव्या हातात सोडा, मूठ मिटा. मी तसं तसं केलं. काय सांगू, ते खरंच सरकत गेलं. सरांनी टाळी वाजवली आन् माझे गुडघे रिकामे. जिन्यानं वर गेले, खाली आले, परत वर गेले. हरणाबाई म्हणाली, शेळीचं करडू झालंय म्हातारीचं.

पुढं गंमत हाय. मुठीतलं दुखणं देऊन टाकायचं असतं. केंद्राच्या मागं खळं हाय, सध्या भाताची झोडणी चाललीय. ज्यानं त्यानं पेंडी घ्यायची आन् ओंडक्यावर आपटायची. दर घावाला दुखणं पेंडीत जातं. मूठ सुटते, दाणा पण सुटतो. मी सरांना म्हटलं, तुमी डॉक्टर कमी आन् शेतकरी जास्त हाय. लोणंदचे नानासो तर घाम गाळून झोडत होते. बाजारात कांद्याची पोती वाहून त्यांची मान गेलीय, वर दारू. झोडताना त्यांचा चेहरा असा दिसत होता, जसा मिश्रीची पहिली चिमूट लावल्यावर माझा.

मी न्हाई झोडलं. पेंडीत किडं असतात, अळ्या असतात. आमी जैन, बस्तीत म्हणजे आमच्या देवळात महाराजांपुढं मी नियम घेतलाय, जाणूनबुजून जीव मारायचा न्हाई. सर हसले. ठेवा मग मुठीतच म्हणाले, सांभाळून ठेवा, सांगितल्याशिवाय सोडू नका.

ठेवलंय.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

काल मिश्रीची तलफ पण मुठीत घातली. डबी समोर ठेवली तरी जीभ वळली न्हाई. दात घासताना आरशात बघितलं, काळेच हायत, पण लाजल्यासारखे.

मूठ मात्र मिटलेली ती मिटलेलीच. डाव्या हातानं जेवते. वाढणाऱ्याला वाटलं म्हातारीला वळण न्हाई. हरणाबाई विचारते, अक्का, सोनं लपवलंय का. मी म्हटलं, तुझा नवरा लपवलाय.

आज स्वयंपाकघरात आमी भाजीला बसलो होतो. हरणाबाई विळीवर वांगी चिरत होती आन् तिच्या सासूची गोष्ट सांगत होती, कोंबडी चोरल्याची. सासू कोंबडीला पदराखाली धरून बसलीय, कोंबडी आतनं ओरडतीय, असं सांगताना ती एवढी हसत होती की मी पण हसत होते. मग बघितलं तर परातीतलं वांग्याचं पाणी लाल. एका बोटाचं टोक फोडींबरोबर पडलं होतं. ती चिरतच होती, दुसऱ्या बोटाला विळी लागली होती. मी तिचा हात ओढला. तिनं हाताकडं बघितलं, जसं दुसऱ्याच्या दारातली चप्पल बघावी. म्हणाली, आरं देवा, भाजी वाया गेली.

सरांनी टाके घातले. सुन्न करायची सुई लागली न्हाई. सर खूश होते.

शनिवार, १५ नोव्हेंबर

भात संपलं. काल शेवटची पेंडी झोडून झाली, पेंढा रचला, खळं झाडलं. सकाळी बैठक झाल्यावर मंडळी सवयीनं खळ्यावर गेली आन् उभी राहिली, मुठी मिटून. झोडायला काय न्हाई.

केंद्रात एक कुत्री होती, तांबडी, सगळ्यांच्या पायात यायची. ती नानासोंच्या पायात आली. त्यांनी तिला मागच्या दोन पायांनी उचललं आन् ओंडक्यावर आपटलं. पेंडी आपटतात तशी, दोन्ही हातांनी, डोक्यावरनं. ती एकदाच ओरडली. ते थांबले न्हाईत. रागानं न्हाई हो. रागानं केलं असतं तर बरं वाटलं असतं मला. दाणा सुटेपर्यंत झोडायचं असतं तसं ते झोडत होते, आन् चेहऱ्यावर तेच सुख. शेवटी हातात काय उरलं ते त्यांनी पेंढ्यावर टाकलं, मूठ उघडली, आन् चहा झाला का म्हणून विचारलं.

बाकीचे कुत्रीकडं बघत न्हवते. नानासोंच्या उघड्या मुठीकडं बघत होते.

सर घाबरले, ते मला दिसलं. सगळ्यांना आत बसवलं, झोपवलं. मग माझ्याकडं आले, आजी म्हणाले, तुमची मूठ सगळ्यात घट्ट हाय, तुमी कोणाला इजा करणार न्हाई, दोनचार दिवस यांचं पण सांभाळा. मी व्हय म्हटलं. नको कसं म्हणू, माणसं कुत्र्यावर गेली होती, उद्या पोरावर जातील. एकेकानं येऊन माझी मूठ दोन्ही हातांत धरली आन् घे आज्जी म्हणालं. कंबरा आल्या, माना आल्या, अर्धशिशी आली, दारू आली, विड्या आल्या. हरणाबाईची बोटं आली, ती तर ताजी होती.

सगळे शांत झोपले. मी न्हाई.

सोमवार, १७ नोव्हेंबर

हात जड झालाय. मांडीवर ठेवला तर मांडीला वळ उठतो. काल तांब्या उचलायला गेले, मुठीनंच ढकलला, पितळी तांब्या चेपून चपटा झाला.

माणसं लय गोड झालीत. कुणाला काय दुखत न्हाई, कुणाला काय आठवत न्हाई. नानासो त्या कुत्रीच्या जागेवर बसून जेवतात. हरणाबाईला विचारलं, तुझा धाकटा पोरगा गेला त्याचं वाईट वाटतं का अजून. आधी त्याचं नाव काढलं की ती पदर डोळ्याला लावायची. आज म्हणाली, कोण, हां त्यो, व्हय, गेला. आन् दुसरा घास घेतला. म्हणजे ते पण मीच धरलंय. दया, माया, सगळं दुखण्यातनंच येतं वाटतं, ते काढलं की मागं पोकळ भोपळा राहतो.

आता सांगायची लाज वाटते, पण प्रिया, तू वाचशील, तर खरं सांगते. खिडकीच्या कट्ट्यावर मुंग्यांची रांग होती. मी जन्मभर मुंगीला वाट सोडून चाललेय. मुठीनं त्यांना चिरडलं. या टोकापास्नं त्या टोकापर्यंत, सावकाश. णमोकार म्हणत होते आन् चिरडत होते. आन् गोड वाटलं ग. तोंडाला पाणी सुटलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळी सरांकडं गेले. म्हटलं, सोडवा. सांगितल्याशिवाय सोडू नका म्हणाला होता, आता सांगा. त्यांनी मला खळ्यावर बसवलं, उन्हात, सगळे गोल बसले. टाळी वाजवली, आकडे म्हटले, जागे व्हा म्हणाले. मूठ सुटली न्हाई. त्यांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांनी चूक केली. माझी बोटं हातानं उघडायला लागले.

हात गेला.

मी न्हाई — हात गेला. पहिल्या घावाला त्यांचं नाक आत गेलं. ते आजी म्हणाले. दुसऱ्याला दात. मी ओरडत होते पळा, आन् हात त्यांना पळू देत न्हवता, पदर अडकावा तसा त्यांच्या गळ्यात अडकून होता. ओंडक्यावर त्यांचं डोकं टेकलं तवा हाताला बरं सोयीचं झालं. मला म्हातारीला एवढं बळ कुठलं? ते माझं न्हवतं. त्यात पोती वाहणाऱ्याची मान होती, डोंगर चढणाऱ्या बाईची कंबर होती, सगळ्यांनी जन्मभर सोसलेलं होतं, आन् ते सगळं एका माणसाला मिळालं. दाणा सुटला.

कुणी उठलं न्हाई. नानासो म्हणाले, अक्का, चांगलं झोडलंसा. पाणी आणून दिलं हात धुवायला.

एक बोट उघडलं. करंगळी. मग परत मिटली.

बुधवार, १९ नोव्हेंबर

माणसं आपापल्या गावाला निघून गेली. पिशव्या भरल्या, एकमेकांना पत्ते दिले, सरांवरनं पाय उचलून गेली. कुणी कुणाला काय सांगणार न्हाई. त्यांना काय लागतच न्हाई ना.

मी खाली मेढ्याला जाऊन सांगणार होते. फाटकापर्यंत गेले. रस्त्यानं शाळेची पोरं येत होती. हातानं फाटकाच्या गजावर मूठ दाबली, गज वाकला. मी मागं फिरले.

हरणाबाई राहिलीय. तिला म्हटलं, कोयता आण, हा हात मनगटातनं तोड. ती बरं म्हणाली, जसं काय कणीस तोडायचंय. पाटावर हात ठेवला, डोळे मिटले. मनगटाला दोरी आवळायला ती वाकली —

तिच्या डोळ्यात शेवटपर्यंत भीती आली न्हाई. तेच लय वाईट. मला बघत राहिली, विचारल्यासारखी, अक्का काय करतीस. मी तिचं दुखणं धरलंय ना. तिला मरताना पण दुखलं न्हाई. मला दुखलं. सगळं मला दुखलं.

आता दोन बोटं उघडलीत.

संध्याकाळी चित्र दाबलं. प्रियाला म्हटलं, मला न्यायला येऊ नको. कसं बोलले कुणास ठाऊक, तिनं ऐकलं आवाज आन् म्हणाली, आज्जी तू रडतीयस, निघालेच मी. मी म्हटलं येऊ नको, तुझी शपथ. फोन ठेवला तिनं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आतनं कडी लावलीय. पलंग ओढून दाराला लावला. डावा हात अजून माझं ऐकतो. उजवा पदरानं खाटेच्या पायाला बांधलाय. पदर फाटतोय.

गाडी आली.

तिचा आवाज. आधी खळ्यावर गेली वाटतं — ओरडली. पळून जा म्हटलं मी, तशीच गाडीत बस. ती जिन्यानं वर येतीय. माझ्यासाठी येतीय ती, दुसरं काय.

आज्जी दार उघड म्हणते. रडतीय. तू बरी हायस का म्हणते. बाई, मला विचारू नको मी बरी हाय का —

हाताला कळलं. तिचा आवाज ऐकून हाताला कळलं. असा आसुसून वाट बघतोय — मुंग्यांचं गोड, सरांचं गोड, ते काहीच न्हाई म्हणतो. हिच्यावर माझा जीव हाय ना. म्हणून हीच पायजे त्याला.

पदर तुटला.

प्रिया जा. जा ग. डाव्या हातानं धरलंय मी त्याला, दातानं चावलंय, माझंच मनगट, रक्त — दुखत न्हाई —

पलंग सरकला. मी न्हाई सरकवला.

मूठ सुटली. सगळी पाची बोटं. दहाव्या दिवशी सुटली, कडी काढायला — मऊ हाय, कशी मऊ उघडलीय, जशी तुला न्हाऊ घालताना — प्रिया, दारापास्नं लांब, ऐक, तो कडीवर हाय, मी आज्जी न्हाई, मी