येतो म्हणायची सवय

१० ऑक्टोबर १९५४, मेडशी

पोचलो एकदाचा! पातूरचा घाट माझ्या फटफटीने एकदाही न खोकता चढला. लढाईतली डिस्पोजलची बीएसए आहे, जनरलसाहेबांच्या थाटात फुरफुरते आणि जनरलसाहेबांइतकंच पेट्रोल पिते. गावाच्या अलीकडे रस्त्याला लागून सडकखात्याची चौकी आहे, तीच माझी राहायची जागा. दोन खोल्या, वर कौलं, समोर बाभळी आणि त्यापलीकडे तूर. पुढचं दार रस्त्याकडे उघडतं, ते आतून कडी लावून बंद ठेवायचं. येणं-जाणं मागच्या दाराने, कारण फटफटीचं छप्पर मागे आहे. मागच्या दाराला कुलूप लावलं की काम झालं.

काम सोपं आहे. नाल्यावरची फुटकी मोरी नव्याने बांधायची. मजूर जवळच्या तांड्यावरचे, मुकादम धरमसिंग. जेवण गावातल्या मनकर्णाबाई आणून देणार. विधवा बाई, पन्नाशीच्या, बोलायला फटकळ. मला पाहून पहिलंच वाक्य, "एकटेच आले का? बायको नाही आनली?" नाही म्हटलं तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी ती कुठेतरी विसरून आलोय.

भिंतीवर हिंदुस्थान-सिलोनचा नकाशा डकवला. आता ही खोली माझी झाली.

१४ ऑक्टोबर

बेत इथे नीट लिहून ठेवतो, म्हणजे जगदेवला पुढे नाही म्हणता येणार नाही. हा जगदेव माझा नागपूरच्या वसतिगृहातला खोलीसोबती. दहा वर्षांपूर्वी चहाच्या डब्यावरचं चित्र बघून आम्ही ठरवलं होतं, की एक दिवस गाडीवरून त्या बेटाला चक्कर मारायची. तो दिवस म्हणजे येता फेब्रुवारी.

मेडशी, वाशीम, हिंगोली, नांदेड, हैदराबाद, मद्रास, मंडपम. हजार मैल तरी होतील. मंडपमला सिलोन सरकारची माणसं आपल्याला तपासणार. देवीची आणि कॉलऱ्याची टोचणी हवी. तिथून पुढे सडक नाही, गाडी मालडब्यात घालून धनुष्कोडीला न्यायची. मग आगबोट. दोन-अडीच तासांत तलाईमन्नारचा धक्का. उतरलं की किक मारायची आणि समुद्र डाव्या हाताला ठेवून गोल फिरत राहायचं. तीन आठवडे. जगदेवसाठी मागे नवी सीट बसवून घेतली आहे, चांगल्या स्प्रिंगांची, कारण गडी वजनदार आहे.

धरमसिंगने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की तिथे रावणाच्या वाड्याची जागा दाखवतात का. मनकर्णाबाई म्हणाल्या, "लंकेत कायले जाता भाऊ? सीतामाय परत आली ते काय कमी होतं?"

२६ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

मजूर सुट्टीवर. दिवसभर गाडीचा कार्ब्युरेटर उघडून बसलो आणि पुन्हा जोडला. काही बिघडलेलं नव्हतं.

संध्याकाळी मनकर्णाबाईंनी फराळाला घरी बोलावलं. त्या डबा घ्यायला आल्या होत्या म्हणून बरोबरच निघालो. कुलूप लावलं आणि नेहमीसारखं दाराकडे बघून "येतो" म्हटलं. बाई थबकल्या. कोनाले म्हनलं, म्हणाल्या. मी हसलो. आमच्या आईची शिकवण. घरातून निघताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. लहानपणी एकदा "जातो" म्हटलं म्हणून पाठीत धपाटा खाल्ला होता. आई जाऊन आठ वर्षं झाली. तोंडाची सवय गेली नाही. घर रिकामं असलं तरी म्हणतो. न म्हणता निघालो तर आपण कुणाचेच नाही असं वाटतं.

बाई एवढंच म्हणाल्या, "रिकाम्या घराले येतो म्हनू नये. ऐकनारं कोनी नसलं तं ठीक. असलं तं मंग?"

९ नोव्हेंबर

गंमत झाली. मोरीवरून फटफटीने परतलो तर पुढचं दार सताड उघडं. मागचं कुलूप जसंच्या तसं. आत एक वस्तू हललेली नाही. सकाळी कडी लावायला विसरलो असणार. ओव्हरसिअर मोजमापात चुकत नाही म्हणतात, कड्यांचं कुणी बोललेलं नाही.

१३ नोव्हेंबर

पुन्हा उघडं. या खेपेला कडी लावल्याचं पक्कं आठवतं. सुताराला बोलावून कडी घट्ट करून घेतली.

२१ नोव्हेंबर

कडी घट्ट, तरी या आठवड्यात चारदा दार उघडं. चोर म्हणावा तर नेतो काय?

आज चेन तुटली. गाडी मोरीवरच ठेवून गावातल्या एका बैलगाडीतून आलो. दार बंद होतं. कडी आतून लागलेली.

खरं लिहायचं तर मला वाईट वाटलं. रोज परतताना शेवटच्या वळणावरून मी त्या उघड्या दाराकडे बघायला लागलो होतो. तेहेतीस वर्षांच्या आयुष्यात आई गेल्यापासून माझ्यासाठी कुणी दार उघडून ठेवलेलं नाही. उंदीर असो, वारा असो, कुणी का असेना.

५ डिसेंबर

जगदेवचं पत्र. लग्न ठरलं आहे, माघात. सिलोन आता जमणार नाही, "तू समजून घेशील". समजून घेतलं. नकाशासमोर खुर्ची ओढून तासभर बसलो. मग मूर्खासारखं मोठ्याने बोललो, की मी जाणारच आहे आणि मागची सीट रिकामी आहे, कुणाला यायचं असेल त्याने चलावं. खोलीत आवाज फार मोठा वाटला. लगेच बाहेर जाऊन गाडी पुसत बसलो.

७ डिसेंबर

सकाळी गाडीवर बोटभर धूळ. मागची सीट तेवढी स्वच्छ. कुणीतरी फडक्याने पुसावी तशी.

मी पुसली नव्हती.

१८ डिसेंबर

सीट रोज स्वच्छ. आज मनकर्णाबाईंना सगळं सांगितलं. डबा खाली ठेवून त्या ओट्यावर बसल्या आणि जे सांगितलं ते असं.

माझ्याआधी या चौकीत शालिग्राम नावाचा चौकीदार राहायचा. मनकर्णाबाईंचा सख्खा भाऊ. बायको पंचफुला. बेचाळीस साली पलटणीच्या लॉऱ्या इथून गेल्या, त्यातल्या एका लॉरीवर तो क्लीनर म्हणून चढला. पुढच्या दारात उभ्या बायकोला "येतो" म्हणाला. परत आला नाही, पत्रही नाही. पंचफुला माहेरी जाईना. रस्त्यावर मोटार वाजली की धावत येऊन पुढच्या दाराची कडी काढायची. तीन वर्षं. शेवटी तापात त्याच दारात गेली, हात कडीवर. बाई म्हणाल्या, "तिले मोटारीचा आवाज अन् येतो, दोनच गोष्टी समजतात भाऊ. तुमी दोनी करून राह्यले."

मग काय करायचं, मी विचारलं. एकच उपाय म्हणाल्या. निघायच्या दिवशी त्या दारात उभं राहून "जातो" म्हणायचं. "येतो" तोंडातून काढायचं नाही. माझ्या भावानं जातो म्हनलं असतं, तं ती जगली असती, म्हणाल्या. बोलताना रडत होत्या.

सीटबद्दल मी काय बोललो होतो ते त्यांना सांगितलं नाही. लाज वाटली.

२ जानेवारी १९५५

आता रोज गाडी लांब उभी करून चालत येतो. तरी आज ऐन दुपारी, मी दारापासून दहा पावलांवर असताना, कडी निघाल्याचा आवाज ऐकला. लोखंडावर लोखंड. दार हळूच आत गेलं. आत कुणी नाही. ओट्यावर सडा घातलेला, ओला.

ते उघडं दार टाळून मागच्या दाराने आत जायचं धाडस झालं नाही. पुढच्यानेच गेलो. उंबऱ्यावर उगाच अंग चोरून.

११ जानेवारी

झोपायला धरमसिंगच्या तांड्यावर जातो. कारण सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. साहेबांनी अर्ज मंजूर केला, रजा २३ पासून. फेब्रुवारीची वाट कोण बघतो! नकाशा काढायला गेलो. मेडशीपासून धनुष्कोडीपर्यंतच्या माझ्या पेन्सिलच्या रेघेवरून कुणीतरी बोट फिरवलंय. कुंकवाचं. पाण्यापाशी थांबलंय.

पाणी ओलांडता येत नसेल. नसेलच. बेटावर गेलो की सुटलो.

२० जानेवारी

"जातो" म्हणायचा सराव करतोय. मोरीवर, एकट्याने. जीभ वळत नाही. प्रत्येक वेळी आई डोळ्यांसमोर. आज काम संपवून निघताना मजुरांना म्हणालो — "येतो". सगळे हसले.

तिथे तसंच निघालं तोंडातून तर —

२३ जानेवारी, सकाळ, मालेगाव

म्हटलं!

सामान बांधलं. गाडी पुढे आणली. मनकर्णाबाई रस्त्यापलीकडे हात जोडून उभ्या. मी दारात उभा राहिलो आणि मोठ्याने म्हटलं, "जातो."

बराच वेळ काही नाही. मग आतून, अगदी हळू, बाईमाणसाचा आवाज. एकच शब्द. "येते."

अंगावर काटा आला, पण काय हलकं वाटलं! तिनेही निरोप घेतला. बारा वर्षांनी सुटली बिचारी. मनकर्णाबाईंना ऐकू गेलं नाही. सांगितलं तर पदर तोंडाला लावून रडल्या. मीही डोळे पुसले आणि किक मारली.

इथे चहा घेतोय. ऊन छान आहे. सिलोन!

२३ जानेवारी, दुपार, वाशीम

गाडी जड चालते आहे. मागचं चाक बसलं. पंक्चरवाला म्हणाला, पंक्चर नाही, हवा कमी पडून राह्यली. "डबल सीट हाय तं हवा जादा लागन ना साहेब." मी एकटाच आहे म्हटलं. तो चाकाकडे बघून म्हणाला, टायर तसं नाही सांगत.

वीसेक मैल धुळीतून आलोय. मी, टाकी, सामान, सगळं लाल. मागची सीट —

स्वच्छ.

संध्याकाळ, धर्मशाळा

येते. आपण निघतानाही तेच म्हणतो. बरोबर निघतानाही तेच. मला कसं नाही कळलं. मराठी माणूस ना मी.

निरोप नव्हता. मीच बोलावलं होतं — नकाशासमोर — मोठ्याने —

गाडी इथेच टाकून आगगाडीने जावं? कुठे? पाण्यापर्यंतची सगळी वाट तिला माहीत आहे. तिने बोट फिरवलंय त्यावरून.

जगदेवला कळवायला हवं. सीट भरली.

अजून उजेड आहे. बाहेर रस्त्यावर एक मोटार आली — थांबली —

खोलीची कडी मी लावली आहे. दोनदा बघितली. मी पलंगावर आहे, दारापासून लांब.

कडी हलते आहे. बाहेरून नाही. आतल्या बाजूने कुणीतरी ती