खेळातला राखणदार

पपा, आज शुक्रवार. दुपारी एकची सुट्टी झाली आहे आणि मी साखळी गावातल्या ऑफिसात डबा न उघडता पडद्यासमोर बसलो आहे. पडद्यावर आपला खेळ आहे. तोच, चार वाटसरूंचा. त्यांना आपण नावं द्यायचो, तलवारी घेऊन द्यायचो, गावातून निघून गुहेत शिरायचो आणि बहुतेक वेळा मरायचो. तो खेळ करणारी कंपनी केव्हाच बुडाली. आता एका नव्या स्टुडिओने त्या खेळाच्या मालिकेचे सगळे भाग नव्याने करायला घेतले आहेत, आणि तो स्टुडिओ इथे बाजारात, कापडाच्या दुकानाच्या वर आहे. मी अकरावीत शाळा सोडलेली. पण खेळून पाहायचं आणि सापडलेल्या चुका स्वच्छ लिहून द्यायच्या, एवढ्या कामाला त्यांनी मला ठेवलं. अजून कायम केलेलं नाही, त्यामुळे प्रत्येक ओळ पाठवण्याआधी मी पुन्हा पुन्हा वाचतो.

पहिल्या दिवशी त्यांनी सुरुवातीचं गाव दाखवलं तेव्हा मला माउस हलवायचंही सुचलं नाही. आपल्या वेळी नदी म्हणजे एक निळी पट्टी होती. तू म्हणायचास, "ही न्हंय? ह्यांनी तर ताडपत्री पसरल्यानी." पपा, आता ती वाहते. होडी सुटली की पाणी काठापासून जरा मागे सरतं आणि मग भरून येतं, नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोट निघताना येतं तसं. झाडाखालून जाताना वाटसरूंच्या खांद्यांवरून सावली सरकते. मी त्यांना तिथेच उभं करून ठेवलं आणि नुसता बघत राहिलो. आणि गावाच्या शिमेवर तो दगड होता. आपल्या जुन्या खेळात तो म्हणजे नुसते तीन राखाडी चौकोन होते. आता त्याला ओल होती, भेग होती.

खाणी बंद झाल्या, तुझा ट्रक अंगणात उभा राहिला, चाकांखाली गवत आलं. कोणी काही विचारेल म्हणून तू तिठ्यावर जाणंही सोडलंस. तू बाहेर पडायचास तो फक्त या खेळात, आणि तिथेही शिमेवर थांबायचास. "राखणदाराक सांगल्याशिवाय भायर जावचा नाय." मग पिशवीतला एक पाव, उंड्यासारखा गोल, त्या दगडापाशी टाकायचास आणि खरोखर हात जोडून गाऱ्हाणं घालायचास, "बा देवा म्हाराजा, ही पोरां भायर पडतत, तूच सांबाळ." आतून आई ओरडायची, "घरातल्या देवाक फूल नाय, आणि ह्या पेटीतल्याक पाव!" तू हसायचा नाहीस. त्या खेळात टाकलेली वस्तू जिथल्या तिथे पडून राहायची, पण तू दर वेळी मागे वळून बघायचास. "अजून घेतल्यान नाय रे." गुहेत मेलो की कारण तेच असायचं. तू गेलास तेव्हा त्या दगडापाशी पावांचा ढीग होता.

परवा आमच्या मुख्य बाई, त्या पुण्याच्या, म्हणाल्या, "या दगडाचं काय काम? क्लिक केलं तरी काही होत नाही. काढून टाका." आता बोललो तर नोकरी जाईल, आणि नाही बोललो तर तू जिथे उभा राहायचास ती जागा जाईल, असं वाटलं. मी म्हटलं, "मॅडम, तो शिमेवर आहे. आमच्या घरी त्याला राखणदार मानायचे." खेळातली झाडं-डोंगर करणारा पेडण्याचा मुलगा माउसवरचा हात काढून म्हणाला, "मग मॅडम, तुमीच काढा."

"अरे, कॉम्प्युटरातला दगड आहे तो!"

"म्हणूनच म्हणतां. माझ्या भयणीचं लगीन आहे."

"माझ्या बायकोला आठवा महिना," मागून दुसरा म्हणाला.

बाईंनी स्वतः माउस धरला. बाण दगडावर नेला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाल्या, "राहू दे. कोपऱ्यात तर आहे. शेवाळ तेवढं नीट लावा." सगळे हसले. मी उठून संडासात गेलो आणि तोंड धुतलं.

आज दगडाला शेवाळ लागलं आहे. सुट्टी झाली, सगळे जेवायला खाली गेले, तेव्हा मी चौघांना शिमेवर नेलं, पाव ठेवला, नदीपर्यंत जाऊन आलो. पपा, पाव नाही. दुसरा ठेवला, लांब गेलो, परत आलो. तोही नाही.

का ते मला समजतं. पडलेल्या वस्तू यंत्राला जड होतात, म्हणून नव्या खेळात कुणीतरी त्या पुसायची सोय केली असणार, आणि त्यात पावही जातो. टाकलेलं अन्न नाहीसं होता कामा नये असं आमच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे ही चूक आहे, आणि चुका कळवायचाच मला पगार मिळतो. आजवर एकही सोडलेली नाही. जिन्यावर पावलं वाजतायत, सगळे जेवून परत येत आहेत. तुला लिहिलेला हा कागद मी डब्याखाली सरकवतो आहे. समोर चुकांचा तक्ता उघडा आहे आणि दगडापुढच्या रकान्यात मी लिहिलं आहे: तपासलं, सगळं ठीक.